लेक्चर अडकतंय, आवाज येत नाही, पडदा काळा: ऑनलाइन कोर्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वयम् किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवरचा कोर्स असो, पुण्याच्या पेठेतल्या अभ्यासिकेत बसून पाहायची एमपीएससीची रेकॉर्डेड लेक्चर असोत, कंपनीचं ट्रेनिंग असो की शनिवारचा ऑनलाइन गाण्याचा क्लास, अडचणी त्याच त्या असतात. बिघाड तीनपैकी एका ठिकाणी असतो: नेट, तुमचं यंत्र किंवा कोर्सवाल्यांची बाजू. तो कुठे आहे हे कळेपर्यंत काहीही रीसेट करू नका.

सुरुवात कुठून करायची?

चार चाचण्या, याच क्रमाने.

पहिली: वाय-फाय बंद करून तेच लेक्चर मोबाइल डेटावर लावा, लॅपटॉप असेल तर त्याला फोनचा हॉटस्पॉट द्या. चाललं, तर दोष घरच्या नेटचा. दुसरी: त्याच यंत्रावर यूट्यूबवरचा कुठलाही व्हिडिओ लावा. तोही अडला, तर कोर्सवाल्यांना फोन करून उपयोग नाही. तिसरी: त्याच कोर्सचं दुसरं लेक्चर उघडा. बाकी सगळी चालतात आणि एकच चालत नाही, तर ती फाइलच सदोष चढवली गेली आहे. कळवून टाका आणि पुढचं लेक्चर बघा. चौथी फक्त ब्राउझरवाल्यांसाठी: इन्कॉग्निटो खिडकीत लॉगिन करून पाहा. तिथे चालत असेल तर एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी सोय), बहुधा जाहिराती अडवणारं, किंवा जुन्या कुकीज आड येताहेत.

अ‍ॅप काढून पुन्हा टाकणं हा बहुतेकांचा पहिला उपाय असतो. तो शेवटचा असायला हवा. अ‍ॅप काढलं की त्यात डाउनलोड केलेली सगळी लेक्चर जातात, आणि काही कोर्समध्ये नव्याने टाकलेलं अ‍ॅप नवं यंत्र म्हणून मोजलं जातं. दोन यंत्रांची मर्यादा असेल तर तुम्ही स्वतःच्याच फोनवर कुलूपबंद होता.

स्पीड टेस्टला १०० एमबीपीएस येतं, तरी लेक्चर गोल गोल फिरत राहतं. असं कसं?

कारण स्पीड टेस्ट बहुधा तुमच्या नेटवाल्याच्या जवळच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता मोजते. लेक्चर वेगळ्याच सर्व्हरवरून येतं. शिवाय ती टेस्ट काही सेकंदांची. मध्येच दोन सेकंद नेट गुडूप होत असेल तर आकड्यात ते दिसत नाही.

खरं तर लेक्चरला वेग फार लागत नाही. चित्राच्या स्पष्टतेच्या पायरीप्रमाणे ४८०पी ला साधारण १.२ एमबीपीएस, ७२०पी ला २.५ आणि १०८०पी ला ५ च्या आसपास. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि प्लेअर पुढचे काही तुकडे आधीच साठवून ठेवतो. हा साठा संपला की चकरी दिसते. त्यामुळे १० एमबीपीएसचं स्थिर नेट १०० एमबीपीएसच्या धसमुसळ्या नेटपेक्षा केव्हाही बरं.

दोष वाय-फायचा की बाहेरच्या लाइनचा हे ओळखायचं असेल, तर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१ ला, पिंग करा, म्हणजे ‘ping’ लिहून पुढे तो पत्ता टाका; उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसतं. जिथे बसून लेक्चर बघता तिथूनच करा. राउटरच्या शेजारी उभं राहून नको. उत्तरं काही मिलिसेकंदांत आली तर घरातलं वाय-फाय ठीक आहे. आकडे मध्येच शेकड्यांत उडत असतील किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, तर केबलवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही. बिघाड तुमच्या राउटरपासून खुर्चीपर्यंतच्या टप्प्यात आहे.

या टप्प्यात काय बिघडतं? राउटर दोन पट्ट्यांवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जरा बरा जातो, पण त्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह असे सगळेच असतात. ५ गिगाहर्ट्झ मोकळा आणि वेगवान, पण भिंतीला लवकर दमतो. जुन्या वाड्याच्या जाड दगडी-मातीच्या भिंतीमागे तो पोचतच नाही. कोथरूड-औंधच्या सोसायटीत उलट २.४ वर वीसेक नावं दिसतात. म्हणून राउटरच्याच खोलीत बसत असाल तर ५ वापरा. दोन भिंतींपलीकडे असाल तर २.४ वापरा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल ‘ऑटो’ न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर गर्दी कमी तो निवडा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

सगळ्यात खात्रीचा उपाय मात्र लॅन केबल. कॅट ५ई प्रतीची पुरते. ती १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कुणी लेक्चरसाठी कॅट ८ घ्या म्हणालं तर हसून पुढे जा.

अभ्यासिकेत संध्याकाळी काहीच चालत नाही. दुपारी ठीक असतं.

हिशोब करून पाहा. ५० जण, प्रत्येकाचं लेक्चर ७२०पी वर: ५० गुणिले २.५ म्हणजे १२५ एमबीपीएस. लाइन १०० ची. त्यात निम्मे जण दुप्पट वेगाने बघतात, आणि इथेच मेख आहे. २एक्सवर लेक्चर लावलं की दर सेकंदाला दोन सेकंदांचा व्हिडिओ ओढावा लागतो, म्हणजे २.५ चे ५ एमबीपीएस होतात. ‘साध्या वेगावर चालतं, २एक्सवर अडकतं’ ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटते: क्वालिटी एक पायरी खाली आणा.

ऑटो क्वालिटी गर्दीच्या नेटवर सतत वर-खाली होत राहते, त्यापेक्षा हाताने पक्की करा. सर नुसते बोलत असतील तर ३६०पी चालतं. फळ्यावरचं लिखाण किंवा नकाशा असेल तर ४८०पी, बारीक अक्षरांची पीपीटी असेल तर ७२०पी. दुसऱ्या दिवशीची लेक्चर सकाळी लवकर, खोली रिकामी असताना डाउनलोड करून ठेवा. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी राउटरमध्ये प्रत्येक यंत्राला ३ एमबीपीएसची मर्यादा घातली, तर एकाच्या मोठ्या डाउनलोडने सगळी खोली अडकत नाही. घरगुती राउटरवर ५० फोन लटकवणं हेही बंद करायला हवं. लाइन कितीही मोठी घेतली तरी तो राउटर दम टाकतो. दोन-तीन अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे खोलीत ठिकठिकाणी वाय-फाय देणारे डबे, लावणं जास्त कामाचं.

एका तासाच्या लेक्चरला किती डेटा जातो?

१ एमबीपीएस म्हणजे तासाला ४५० एमबी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. ४८०पी ला सुमारे ५४० एमबी, ७२०पी ला १.१ जीबी, १०८०पी ला सव्वादोन जीबी. स्थिर स्लाइड असलेल्या लेक्चरला याहून बराच कमी, कारण चित्रात जेवढं बदलतं तेवढंच पाठवलं जातं. दुप्पट वेगाने बघितल्याने लेक्चरचा एकूण डेटा वाढत नाही. तोच अर्ध्या वेळात जातो.

दिवसाला १.५ जीबीच्या पॅकमध्ये कोटा संपला की वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हिडिओ सोडाच, नुसता आवाजही धड येत नाही. दुपारनंतर एकाएकी सगळं ठप्प झालं तर आधी शिल्लक डेटा बघा.

चित्र दिसतं, पण आवाज अजिबात नाही.

प्लेअरमधलं स्पीकरचं चिन्ह बघा. २०१८ पासून क्रोम आवाजासकट आपोआप सुरू होणारे व्हिडिओ अडवतो, म्हणून अनेक प्लेअर मुद्दाम म्यूट होऊन सुरू होतात. मग ब्राउझरच्या टॅबवर राइट क्लिक करा. तिथे ‘अनम्यूट साइट’ दिसत असेल तर ती साइट कधीतरी म्यूट झालेली आहे.

विंडोजमध्ये पुढची जागा: सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड, व्हॉल्यूम मिक्सर. इथे प्रत्येक अ‍ॅपचा आवाज वेगळा असतो, आणि ब्राउझरचा शून्यावर असू शकतो. तिथेच आउटपुट कोणतं निवडलंय ते पाहा. एचडीएमआयने मॉनिटर किंवा टीव्ही जोडला की विंडोज आवाज तिकडे पाठवतं, आणि मॉनिटरला स्पीकर नसेल तर आवाज कुठेच येत नाही. तीच गत खिशातल्या केसमध्ये नीट बंद न झालेल्या ब्लूटूथ इअरबड्सची: फोनला वाटतं ते जोडलेले आहेत. ब्लूटूथ बंद करून बघा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

अँड्रॉइडवर रिंगचा आणि मीडियाचा आवाज वेगळा असतो. व्हिडिओ चालू असतानाच आवाजाचं बटण दाबा.

पार्श्वसंगीत ऐकू येतं, पण सरांचा आवाज येत नाही! हेडफोन काढला की येतो.

ही तक्रार ऐकून लोक हसतात, पण ती खरी आहे आणि तिचं कारण नेमकं आहे. स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये बोलणाऱ्याचा आवाज डाव्या आणि उजव्या वाहिनीत सारखाच असतो. ३.५ मिमी पिनेची ग्राउंडची जोडणी सुटली की कानात दोन वाहिन्यांमधला फरक तेवढा उरतो. सारखं होतं ते वजा होतं, म्हणजे आवाज जातो. वेगळं होतं ते, म्हणजे संगीत आणि घुमारा, उरतो. पिन पूर्ण आत ढकला. फोनला जाड कव्हर असेल तर ते काढून बघा, कारण त्याच्यामुळे पिन मिलिमीटरभर बाहेर राहते. जॅकमधला कापसाचा बोळा लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. टाचणी घालू नका. तरीही तसंच असेल तर पिनेजवळ वायर तुटली आहे, हेडफोन बदला.

याच्या उलट प्रकारही असतो: हेडफोनवर सर ऐकू येतात, पण फोनच्या एकुलत्या स्पीकरवर गायब. तो दोष रेकॉर्डिंगचा. माइकची वायर चुकीची जोडल्याने एक वाहिनी उलटी भरली गेली, आणि स्पीकरमध्ये दोन्ही एकत्र झाल्यावर एकमेकींना खाऊन टाकतात. तुमच्या हातात उपाय एकच, हेडफोनने ऐकणं. पण कळवा जरूर. ध्वनिसंपादनात एक वाहिनी उलटवली की काम होतं.

आणि आवाज एकाच कानात येत असेल, तर बहुधा कॉलर माइक फक्त डाव्या वाहिनीत रेकॉर्ड झाला आहे. फोन किंवा विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली ऑडिओमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. नंतर बंद करायला विसरू नका, नाहीतर गाणी सपाट ऐकू येतील.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज जुन्या टेलिफोनसारखा येतो.

हेडफोनचे दोन मोड असतात. नुसतं ऐकायचं तेव्हा चांगला स्टिरिओ. त्याचाच माइक चालू झाला की तो फोन कॉलच्या मोडमध्ये जातो, आणि तिथे आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर, एकाच वाहिनीत येतो. म्हणजे मागे कुठेतरी झूम, मीट किंवा टीम्सने माइक धरून ठेवलाय. ते बंद करा. लाइव्ह क्लासमध्ये बोलायचंही असेल तर इनपुट म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवा.

ओठ आणि आवाज पुढे-मागे होत असतील, तर वायरचा हेडफोन लावून बघा. जुळलं तर ब्लूटूथची दिरंगाई, नाही जुळलं तर रेकॉर्डिंगच तसं आहे.

आवाज येतो, पण पडदा काळा.

दोन वेगळी कारणं आहेत, आणि उपाय अगदी उलटे.

एक, डीआरएम, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणारं कुलूप. पैसे भरून घेतलेल्या कोर्सची लेक्चर कूटबद्ध असतात. स्क्रीन रेकॉर्डर, एनीडेस्क (दुसऱ्याला दुरून तुमचा पडदा दाखवणारं अ‍ॅप) किंवा टीव्हीवर मिररिंग चालू दिसलं की प्लेअर मुद्दाम चित्र काळं करतो. हा बिघाड नाही, राखण आहे. क्लासरूममधल्या जुन्या प्रोजेक्टरला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टरने जोडलंत तरी हेच होऊ शकतं, कारण व्हीजीएवर कॉपी-संरक्षणाची सोयच नाही. मध्ये कुठलंही सेटिंग बदलून ते येत नाही. फोनवर डेव्हलपर ऑप्शन्स आणि यूएसबी डीबगिंग बंद करा. कित्येक कोर्सची अ‍ॅप त्यावरही अडतात. फोनचा बूटलोडर (फोन सुरू करणारा, कंपनीने कुलूप लावलेला प्रोग्राम) उघडलेला असेल तर संरक्षणाची पातळी खाली जाते, आणि अशा फोनवर अनेक सेवा ४८०पी च्या वर जात नाहीत.

दोन, ग्राफिक्स. यूट्यूबसुद्धा काळं, हिरवं किंवा गुलाबी पट्ट्यांचं दिसत असेल तर डीआरएमचा संबंध नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीमखाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचं बटण आहे. ते बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. चित्र आलं म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर जुना आहे. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नवा टाका आणि बटण परत चालू करा. बंदच ठेवलंत तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घुरघुरतो आणि २एक्सवर चित्र उड्या मारू लागतं.

डाउनलोड केलेल्या फाइलचा फक्त आवाज येतो.

फाइल एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ मध्ये असणार. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला त्यासाठी स्टोअरमधलं वेगळं एक्स्टेन्शन लागतं. व्हीएलसी टाका, फुकट आहे आणि व्हिडिओ उलगडणारे कोडेक बरोबरच घेऊन येतो. विंडोजची ‘एन’ आवृत्ती असेल तर मीडिया फीचर पॅक वेगळा बसवावा लागतो, नाहीतर ब्राउझरमध्येही काही व्हिडिओ चालत नाहीत. अ‍ॅपच्या आत डाउनलोड झालेलं लेक्चर मात्र बाहेरच्या कुठल्याच प्लेअरमध्ये उघडणार नाही, ते त्याच अ‍ॅपसाठी कुलूपबंद असतं.

हिंजवडीत ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वयम्‌चं पान उघडतं, पण व्हिडिओची जागा रिकामी.

एनपीटीईएलची लेक्चर पानात यूट्यूबवरून बसवलेली असतात. कंपनीच्या फायरवॉलने यूट्यूब अडवलं असेल तर पान दिसेल, व्हिडिओ नाही. घरी नेलेला लॅपटॉपही बहुधा व्हीपीएनमधून, म्हणजे कंपनीच्याच नेटमार्गे, जातो, म्हणून घरच्या वाय-फायवरही तेच. आडवाटेने जाण्यापेक्षा स्वतःचा फोन वापरा.

रात्री चालू होतं, सकाळी त्याच टॅबवर चालत नाही.

व्हिडिओच्या दुव्याला मुदत असते. पान रिफ्रेश करा. त्यानेही झालं नाही तर यंत्राची तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर आहे ना ते बघा, घड्याळ चुकीचं असेल तर सुरक्षा प्रमाणपत्र आणि डीआरएमचा परवाना दोन्ही नाकारले जातात. जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ रोज मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

गुरुवारी लाइट जाते आणि नेमका लाइव्ह क्लास बुडतो.

महावितरणची पुण्यातली देखभालीची कामं बहुधा गुरुवारीच निघतात, त्यामुळे सोय करून ठेवलेली बरी. राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा वाचा: १२ व्होल्ट १ अँपिअर, १२ व्होल्ट १.५ अँपिअर किंवा ९ व्होल्ट. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर जास्त चालतात. तीन लिथियम सेल, प्रत्येकी ३.७ व्होल्ट आणि २००० एमएएच, म्हणजे सुमारे २२ वॉट-तास. राउटर ७ वॉट ओढत असेल तर कागदावर तीन तास, प्रत्यक्षात दोन-अडीच.

फायबरचा डबा आणि वाय-फाय राउटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज हवी. एकालाच दिली तर वाय-फायची खूण दिसते आणि नेट नसतं. बरेच जण इथे फसतात. इमारतीच्या जिन्यात केबलवाल्याचा नेट वाटणारा डबा (स्विच) असेल तर त्याच्या बॅकअपचीही चौकशी करा.

मेट्रोत मध्येच थांबतं.

शिवाजीनगर ते स्वारगेट मार्ग भुयारी आहे आणि गाडी पळत असताना फोन टॉवर बदलत असतो. घरून डाउनलोड करून निघा.

लाइव्ह क्लासमध्ये माझाच आवाज मला परत ऐकू येतो.

दोष समोरच्याचा आहे. तुमचा आवाज त्याच्या स्पीकरमधून त्याच्याच माइकमध्ये जातोय. त्याला हेडफोन लावायला सांगा. सगळ्यांनाच शिट्टी ऐकू येत असेल तर एकाच खोलीत दोन यंत्रं क्लासला जोडलेली आहेत. एकाचा आवाज आणि माइक दोन्ही बंद करा.

रेकॉर्डेड लेक्चरला साठा करता येतो, लाइव्हला नाही. म्हणून तिथे नेट डळमळलं की आधी स्वतःचा कॅमेरा बंद करा.

ऑनलाइन गाण्याच्या क्लासात गुरुजींना माझा तानपुरा ऐकूच जात नाही.

झूमचा गोंगाट कमी करणारा भाग माणसाचं बोलणं राखतो आणि एकसुरी, सतत चालणारा आवाज पंखा समजून कापतो. तानपुरा म्हणजे नेमका तसाच आवाज. लांबवलेला षड्जही मध्येच विरतो. संगणकावर झूमच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओखाली ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडा, ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ लावा आणि क्लास सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यातलं ओरिजिनल साउंडचं बटण दाबून चालू आहे ना ते पाहा. एको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी पुसणारी सोय) बंद करणार असाल तर हेडफोन सक्तीचा. गुरुजींच्या बाजूलाही हेच करा, नाहीतर त्यांचा तबला तुटक येईल.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सेटिंगने जमत नाही: दोन टोकांनी एकत्र गाणं. मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. आवाजाच्या जाण्या-येण्यात पाव सेकंद गेलं की अर्धी मात्रा हुकली, मग समेवर भेटणार कसं? ठेका आणि तानपुरा गाणाऱ्याच्या बाजूला लावा, गुरुजींनी ऐकून दुरुस्त करावं.

लेक्चर संपूर्ण पाहिलं तरी ‘पूर्ण’ अशी खूण येत नाही.

प्लेअर दर काही सेकंदांनी ‘इथवर पाहिलं’ असा निरोप सर्व्हरला पाठवतो. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन कधीकधी तो निरोपही अडवतं. त्या साइटपुरतं ते बंद करा, शेवटची काही मिनिटं पुन्हा चालवा आणि शेवटच्या सेकंदाला टॅब झटकन बंद करू नका. ऑफलाइन पाहिलं असेल तर अ‍ॅप नेटवर उघडून थोडा वेळ तसंच ठेवा.

तक्रार करताना काय लिहू?

‘व्हिडिओ चालत नाही’ एवढंच लिहिलंत तर उत्तरात तेच चार प्रश्न येतात आणि दोन दिवस जातात. लेक्चरचं नाव, कितव्या मिनिट-सेकंदाला अडतं, तारीख आणि वेळ, फोन किंवा लॅपटॉपचं मॉडेल, अँड्रॉइड वा विंडोजची आवृत्ती, ब्राउझर की अ‍ॅप, नेट कुणाचं, आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा. वरच्या चार चाचण्यांचे निकाल जोडा. सपोर्टचा नंबर कोर्सच्या पानावरूनच घ्या. गूगलवर सापडलेल्या नंबरवरचा माणूस एनीडेस्क टाकायला सांगू लागला तर फोन ठेवा. ओटीपी कुणालाच नको. डीआरएम असलेल्या लेक्चरचा स्क्रीनशॉट काळाच येतो, म्हणून पडद्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढून पाठवा.